प्राणहितेचा कांठ आणि परगांवचें संग्रहालय

सिरोंच्यांतील आमच्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ दिवाळीच्या सुटींत मुलाबाळांसह हैदराबादेस जाऊन आले. सिरोंच्याच्या माणसास नागपुरापेक्षां हैदराबाद जवळ. माल बहुतेक तिकडूनच येतो, मोठ्या दुखण्यास दवाखानाही तिकडचाच, आणि आतां दोन्ही नद्यांवर पूल झाल्यामुळें सकाळीं निघालेला मनुष्य दिवस मावळण्यापूर्वीं चारमिनारापाशीं उभा राहतो. परत आल्यावर चार दिवस त्यांच्या दुकानांत दुसरा विषय नव्हता. सालारजंग संग्रहालयांतील संगमरवरी बुरख्याआडची रेबेका, तेथल्याच घड्याळांतून तासाच्या ठोक्यास बाहेर येणारा बाहुला, हुसेनसागरांत बोटींत बसून जवळून पाहिलेली बुद्धाची प्रचंड मूर्ति, सर्व कांहीं त्यांनीं मोठ्या रसानें सांगितलें. पण त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीनें जें सांगितलें तें आमच्या मनांतून जाईना. बिर्ला विज्ञान केंद्रांत तिनें एका अवाढव्य प्राण्याचा सांगाडा पाहिला. त्याचें नांव 'कोटासॉरस'. 'हा कोटा म्हणजे आपल्या नदीवरचा कोटा काय?' असें तिनें बापास विचारलें, आणि बापानें 'छे, राजस्थानांतला असेल' असें सांगून तिला पुढें नेलें.

मुलीचा तर्क खरा होता. सिरोंच्याच्या वरच्या अंगास प्राणहितेच्या डाव्या कांठीं जें लहानसें कोटा गांव आहे, त्याच्याच नांवानें भूगर्भशास्त्रज्ञ ह्या खोऱ्यांतील एका खडकथरास ओळखतात, आणि त्या थरावरून त्या प्राण्यास नांव मिळालें. हैदराबादेंतील तो सांगाडा पलीकडच्या कांठच्या यामनपल्लीचा. १९८८ सालीं यादगिरी नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याचें नामकरण केलें. त्याच्याही फार पूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, कोट्याच्या दगडांत सांपडलेल्या माशांचीं वर्णनें विलायतेंतील विद्वानांनीं छापलीं होतीं, आणि १८८१ सालीं विल्यम किंग यानें प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यावर सरकारी भूगर्भखात्यातर्फें एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे जगांतील भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यास कोटा हें नांव पाठ असतें. तें ठाऊक नसतें तें कोट्याहून मोटारीनें घटकाभरांत पोंचतां येईल अशा बाजारपेठेंतील सुशिक्षित दुकानदारास. आमच्या स्नेह्यांस आम्ही दोष देत नाहीं. तेंच उत्तर आमच्या तोंडूनही निघालें असतें. 'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' ही म्हण आम्हीं दुसऱ्यांस इतक्या वेळां लागू केली आहे कीं ती स्वतःस लागू होण्याची वेळ आली तेव्हां ओळखूं आली नाहीं.

ह्याहूनही मोठी गोष्ट कलकत्त्याची. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं १९३१ सालीं स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या पामेला रॉबिन्सन या विदुषींच्या साह्यानें भूगर्भशास्त्राचें एक पथक उभारलें, आणि त्या पथकाचे लोक ह्या रानांत येऊन राहिले. आंकड्यांच्या शास्त्रासाठीं निघालेल्या संस्थेनें हाडें उकरावींत हें कोणास विचित्र वाटेल. पण ज्यास खरी जिज्ञासा आहे त्यास शास्त्राशास्त्रांमधलीं कुंपणें आड येत नाहींत. पोचमपल्ली गांवाजवळ त्यांस सुमारें तीनशें हाडें सांपडलीं. तीं निदान सहा प्राण्यांचीं होतीं. मांडीचें एक हाड पुरुषभर उंचीचें! हाडांबरोबर झाडांचीं मोठमोठीं खोडेंही पडलेलीं होतीं, त्यावरून एकाद्या महापुरांत कळपच्या कळप लोटून येऊन येथें गाडला गेला असावा असें अनुमान आहे. हा प्राणी सुमारें अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वींचा; लांबी चौदा मीटर, म्हणजे पंचेचाळीस फुटांच्या आसपास. १९६१ हें रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचें साल. त्या स्मरणार्थ १९७५ सालीं त्याचें नांव 'बारापासॉरस टागोराय' असें ठेवण्यांत आलें. त्यांतला 'बारापा' हा बंगालींतला 'मोठा पाय'. आज तो सांगाडा कलकत्त्यास त्या संस्थेच्या संग्रहालयांत उभा आहे. त्याचें सर्व शरीर सांपडलें, फक्त डोकें सांपडलें नाहीं. कांहीं दांत तेवढे मिळाले. धड कलकत्त्यास गेलें, डोकें कदाचित् अजून आमच्याच मातींत असेल!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमचा धनमाल बंगाल्यांनीं नेला, तो परत आणा, अशी ओरड आम्ही करणार नाहीं; कोणीं केल्यास तींत सामील होणार नाहीं. ज्यांनीं उन्हातान्हांत राहून दगड फोडले, हाडें चुन्यांत बांधून बैलगाडी-आगगाडीनें नेलीं, वर्षानुवर्षें तीं जोडलीं, त्यांनीं तीं राखलीं म्हणून तीं आज आहेत. ते न येते तर तीं हाडें कोणाच्या तरी ओट्याच्या पायांत गेलीं असतीं. शिवाय कलकत्ता परका नाहीं. राष्ट्र एक आहे असें सभेंत म्हणावयाचें आणि सांगाड्याच्या वांटणीस बसतांना तालुक्याची हद्द काढावयाची हें शोभत नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. मूळ हाडें जेथें आहेत तेथें राहोत. त्यांचे हुबेहूब साचे काढून त्यांवरून दुसरा सांगाडा करतां येतो, आणि जगांतील कितीएक मोठ्या संग्रहालयांत असे साच्यांवरून केलेले सांगाडेच उभे आहेत. तसा एक सिरोंच्यास कां नसावा? आणि उद्यां जें हाड, जें खोड, जो मासा ह्या जमिनींतून निघेल त्यास ठेवावयास ह्या गांवांत एक कुलपाची खोली कां नसावी?

कोणी म्हणेल कीं वडधम येथें वनखात्यानें जीवाश्म उद्यान केलेंच आहे. केलें आहे, आणि त्याबद्दल त्या खात्याचें अभिनंदन करणें आमचें कर्तव्य आहे. दगड झालेलीं तीं झाडांचीं खोडें ज्यानें पाहिलीं तो तीं विसरणार नाहीं. परंतु आमच्या वाचकांपैकीं तेथें किती गेले? तिरुपतीस किती वेळां गेले, हैदराबादेस किती वेळां, आणि वडधमला किती वेळां, ह्याचा हिशेब ज्याचा त्यानें आपल्या रोजकीर्दींत पाहावा. संग्रहालय हें इमारतीनें होत नाहीं, पाहणाऱ्याच्या पायांनीं होतें. लंडनचें ब्रिटिश संग्रहालय १७५९ सालीं लोकांस खुलें झालें, पॅरिसचा लूव्हर राजवाडा १७९३ सालीं राज्यक्रांतीनें प्रजेच्या हवालीं केला. राजाच्या तिजोरींतली वस्तु आतां आपली आहे हें तिथल्या सामान्य माणसास डोळ्यांनीं पाहावयास मिळालें. आमच्याकडे हीच गोष्ट खासगी माणसांनीं केली. राजवाड्यांनीं खेडोपाडीं पायपीट करून दप्तरें गोळा केलीं, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. त्याच पुण्यांत चष्म्याचें दुकान चालविणाऱ्या दिनकर केळकरांनीं आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी, वाद्यें जमवून १९७५ सालीं तो सारा संग्रह सरकारास देऊन टाकला. त्यास त्यांनीं आपल्या अकालीं गेलेल्या राजा ह्या मुलाचें नांव दिलें आहे. दुकानदारास हें काम जमत नाहीं असें ज्यास वाटतें त्यानें एकदां केळकर संग्रहालय पाहून यावें.

आमच्या प्रांतांतील उदाहरण नागपूरचें. ज्यास लोक अजूनही अजब बंगला म्हणतात तें मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचें. त्याच सालच्या सप्टेंबरांत स्टीफन हिस्लॉप हा पाद्री टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून रात्रीं परततांना नाल्याच्या पुरांत वाहून गेला. तो आला होता धर्मप्रसारास, आणि त्या त्याच्या उद्योगाविषयीं आमचें मत काय असेल हें वाचकांस सांगावयास नकोच. पण त्यानें ह्या प्रांतांतले दगड जमविले, जीवाश्म जमविले, गोंडांच्या कथा-गीतें ऐकून लिहून ठेविलीं, आणि अखेर त्याच कामाच्या वाटेवर त्याचा अंत झाला. सात समुद्रांपलीकडून आलेल्या परक्या माणसास जें मोलाचें वाटलें तें आमच्या पदवीधरांस फुकट दाखविलें तरी ते घड्याळ पाहतात, ह्याची लाज वाटते म्हणून हा विषय काढला.

आतां नदीकडे वळूं. कारण संग्रहालय आणि नदी ह्या सिरोंच्याच्या बाबतींत दोन गोष्टी नव्हेत. वर्धा आणि वैनगंगा ह्यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते आणि सुमारें एकशें तेरा किलोमीटर चालून सिरोंच्याखालीं कालेश्वरासमोर गोदावरीस मिळते. एके काळीं ह्याच पाण्याच्या जोरावर सिरोंचा जिल्ह्याचें ठिकाण होतें. १८६० सालीं हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि आर्थर कॉटन व हेग प्रभृति इंजिनियरांनीं गोदावरीच्या मुखापासून वऱ्हाडच्या कापसापर्यंत आगबोटींची वाट करण्याचा घाट घातला. मार्गांत दुम्मागुडम, इंचमपल्ली व देवलमरी ह्या तीन ठिकाणीं खडकांचे अडसर; ते कालव्यांनीं व बांधांनीं टाळावयाचे होते. अमेरिकेंत यादवी चालू होती, मँचेस्टरास कापूस हवा होता, तोंपर्यंत पैसा मिळाला. पुढें १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, खर्च वाढत गेला, आणि १८७१ सालीं काम सोडून देण्यांत आलें. १८७४ सालीं जिल्हाही मोडला. त्या वेळचा अधिकारी ग्लासफर्ड ह्याचें नांव आज ग्लासफर्डपेठा ह्या खेड्याच्या रूपानें उरलें आहे, आणि तेथल्या किती रहिवाशांस हें नांव कोणाचें तें ठाऊक आहे, देव जाणे. ती योजना इंग्रजांच्या गिरण्यांसाठीं होती, आमच्यासाठीं नव्हे. ती बुडाली म्हणून आम्ही अश्रु ढाळीत नाहीं. पण नदी ही वाट आहे ही जी एक जाणीव त्या काळीं ह्या गांवास होती ती मात्र आम्हीं आपण होऊन गमावली.

पूल होण्यापूर्वीं कालेश्वरच्या यात्रेस जाणें म्हणजे नावेनें जाणें होतें. ढिवर-भोयांचे डोंगे आणि नावा घाटास लागलेल्या असत. बायका ओटी भरून निघत, व्यापारी पेटी मांडीवर घेऊन बसत, मुलें पाण्यांत हात घालून मार खात. पूल व्हावयास पाहिजेच होता. अडलेल्या बाळंतिणीस पुरांत पैलतीरीं नेणें म्हणजे काय असतें हें ज्यानें पाहिलें आहे तो पुलाविरुद्ध अक्षर काढणार नाहीं. परंतु पूल झाल्यापासून गांवचा नदीशीं संबंध तुटला. मोटार पुलावर चढते, कांचा बंद असतात, दोन मिनिटांत पलीकडचा मुलूख येतो. नदी आठवते ती दोनच प्रसंगीं, पुष्कर आलें म्हणजे आणि पूर आला म्हणजे. २०२२ च्या एप्रिलांत प्राणहितेचें पुष्कर झालें, तेव्हां घाटावर मुंगीस वाट नव्हती. त्याच सालच्या जुलैंत पाणी गांवोगांव शिरलें तेव्हां त्याच नदीस शिव्या होत्या. मेडीगड्ड्याचें धरण २०१९ सालीं सुरू झालें, त्याच्या फुगवट्यानें ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनींचें जें झालें तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो आम्ही सोडणार नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या धरणाचे खांब खचले हेंही सर्वांस ठाऊक आहे. ह्या सर्व वादांत नदी कागदावर फार येते. डोळ्यांपुढें येत नाहीं.

म्हणून आम्ही म्हणतों कीं सिरोंच्याच्या घाटावरून नावांच्या सफरी सुरू व्हाव्या. हैदराबादकरांची मुसी नदी नाव घालण्याजोगी राहिली नाहीं, म्हणून ते तलावांत बोटी फिरवितात आणि आमचे लोक पैसे मोजून तींत बसतात! पॅरिसचें सीन, लंडनची थेम्स, कलकत्त्याची हुगळी ह्यांवर रोज नावा भरून माणसें आपलें शहर पाण्यावरून पाहतात. शहर रस्त्यावरून जें दिसतें त्याहून पाण्यावरून निराळें दिसतें, कारण बहुतेक जुनीं शहरें नदीकडे तोंड करून बसलेलीं असतात आणि रस्त्याकडे त्यांची पाठ असते. सिरोंच्यासही हें लागू आहे. पावसाळ्यानंतर नदी निवळली म्हणजे घाटापासून संगमापर्यंत, आणि उलट बाजूस कोट्याकडे, एवढ्याच दोन वाटा आरंभास पुरे. इंद्रावती जेथें गोदावरीस मिळते तें सोमनूर तीन राज्यांच्या शिवेवरचें ठिकाण. तें दूर आहे, तूर्त त्याचें नांव काढीत नाहीं. नावेंत एक माहीतगार मनुष्य असावा, त्यानें कांठचे थर दाखवावे, आणि सफर संपतांच त्याच माणसानें मंडळीस संग्रहालयांत नेऊन ज्या थरावरून आपण आलों त्यांतून काय निघालें तें दाखवावें. म्हणजे शाळेंतल्या पोरास भूगोल, इतिहास आणि भूगर्भ हीं तीन पुस्तकें नसून एकच नदी आहे हें एका दिवसांत कळेल.

पण येथें थांबून एक कठोर गोष्ट लिहिणें प्राप्त आहे. १५ सप्टेंबर २०१९ रोजीं ह्याच गोदावरीवर, खालीं आंध्रांत पापीकोंडलूच्या वाटेवर कच्चुलूरजवळ, सहलीची नौका उलटून पन्नासच्या आसपास माणसें प्राणास मुकलीं. आणि दूर कशास? २३ जानेवारी २०२४ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत चामोर्शी तालुक्यांतील गणपूर येथें मिरची तोडावयास निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेंत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. त्या सहलीस निघाल्या नव्हत्या. पोटासाठीं निघाल्या होत्या. नावेंत तरंगतीं जाकिटें असतीं तर काय झालें असतें, हा प्रश्न विचारावयास वकील लागत नाहीं. २०२१ सालीं १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागीं अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा झाला आहे. यंत्राच्या नौकेस नोंदणी, तपासणी व विमा, चालकास प्रमाणपत्र, हें त्यांत सांगितलें आहे, आणि वल्ह्याच्या नावांची नोंद ठेवण्याचें काम स्थानिक संस्थांकडे येतें. कायदा पुस्तकांत आहे. तो घाटावर उतरला पाहिजे. नावेच्या बाजूवर तांबड्या रंगानें किती माणसें बसावयाचीं तो आंकडा, प्रत्येकास जाकीट, सूर्यास्तानंतर नाव नाहीं, आणि पाणी विशिष्ट खुणेवर गेलें कीं सफर बंद, एवढें ज्यास पाळतां येत नसेल त्यानें हा धंदा करूंच नये. सहलीसाठीं जाकिटें आलीं म्हणजे तींच सकाळीं मिरची तोडावयास जाणाऱ्या बायांच्या अंगावर चढतील अशी व्यवस्था नगरपंचायतीनें करावी. आमच्या मतें ह्या सगळ्या उद्योगाचें पहिलें फळ हेंच असावें. आणि नावा ज्यांच्या आहेत त्यांच्याच राहोत. पिढ्यान्पिढ्या ज्या ढिवरांनीं हें गांव पैलतीरीं नेलें, पुलानें ज्यांचा धंदा गेला, त्यांस बाजूस सारून एकादा बाहेरचा ठेकेदार पंख्याच्या बोटी आणून बसवील तर आम्ही त्याच्याविरुद्ध लिहूं.

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं जेथें रस्ता धड नाहीं, दवाखान्यांत डॉक्टर टिकत नाहीं, जिल्ह्याचें ठिकाण सुमारें दोनशें किलोमीटर, तेथें हाडांचें घर कशास? हा आक्षेप खरा आहे आणि त्यास आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. एवढेंच म्हणतों कीं संग्रहालय न काढल्यानें आजवर एकही रस्ता झाला नाहीं, आणि जेथें बाहेरचा मनुष्य येऊं लागतो तेथें रस्त्याची तक्रार करणारीं तोंडें वाढतात. दुसरा आक्षेप भयाचा. हें रान बंदुकांचें, येथें कोण येणार? बाहेरचा येईल तेव्हां येईल. आम्ही प्रथम गांवच्याच माणसास नावेंत बसावयास सांगत आहों. आणि तिसरा आक्षेप, जो उघड कोणी बोलत नाहीं, तो असा कीं वाळूच्या व्यवहारांत कांठाची जी उकराउकर चालते तींत कोणी ज्ञानी मनुष्य रोज नावेंतून येऊन डोकावूं लागला तर अडचण होईल. आमच्या वाचकांत त्या व्यापारांतले लोक आहेत. त्यांस राग आला तरी हें लिहिणें आमच्याकडून टळणार नाहीं. जीवाश्मांच्या रक्षणास आमचा कायदा अजून दुबळा आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यांत त्यांचें नांव स्पष्टपणें नाहीं. २०२२ सालीं केंद्र सरकारनें भूवारशाच्या रक्षणासाठीं एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढें ठेविला. तोंवर एकच पहारेकरी आहे, तो म्हणजे गांवचा डोळा.

संग्रहालयांत काय असावें ह्याविषयीं एकच सूचना करतों, कारण तींत चूक झाली तर सारें व्यर्थ जाईल. आमच्या इकडील संग्रहालयांत एक खोटी रीत पडली आहे: एका कपाटांत दगड, दुसऱ्यांत पेंढा भरलेला वाघ, आणि तिसऱ्यांत पिसांचा मुगुट घातलेला मातीचा माडिया. जिवंत शेजाऱ्यास वाघाच्या पंक्तीस बसविणें हें रानटीपणाचें लक्षण आहे, आणि तो रानटीपणा कपाटांतल्याचा नव्हे. माडिया, गोंड, कोलाम हे ह्या रानाचे जाणते. कोणत्या नाल्यांत कोणता दगड निघतो हें कलकत्त्याच्या पंडितासही वाटाड्यास विचारावें लागतें. त्यांच्यांतलीं शिकलेलीं मुलें-मुली संग्रहालयाचे माहीतगार म्हणून पगारावर असावींत, आणि पाट्या मराठी, तेलुगू व गोंडी अशा तिन्ही भाषांत असाव्या. सिरोंच्यांत घरांत तेलुगू, कचेरींत मराठी आणि बाजारांत दोन्ही चालतात. तेव्हां एकाच भाषेच्या हट्टानें अर्धें गांव दाराबाहेर ठेवण्यांत कसलाही मराठी अभिमान नाहीं.

राहतां राहिला पैसा. इमारत नवी नको. नदीकांठीं इंग्रजी अमदानींतलें जें जुनें सरकारी बांधकाम आहे, त्यांतील एकादें दुरुस्त करून मिळालें तर पुराच्या पाण्यापासूनही बचाव होईल आणि ग्लासफर्ड-हेग मंडळींच्या आगबोटींची कथा सांगावयास त्याहून योग्य जागा नाहीं. जिल्ह्यांतील लोखंडाच्या खाणींपासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे पैसा जमा होतो. कायद्यानें तो खाणीनें बाधलेल्या भागांकरितां प्रथम आहे आणि तसाच असावा, पण शिक्षणाच्या नांवानें त्यांतून थोडें मागण्यास हरकत नाहीं. बाकीचें बाजारपेठेनें उभें करावें. गणपतीच्या वर्गणीचा चौथा हिस्सा एक वर्ष इकडे वळला तरी आरंभ होतो. २०१५ नंतर बारा वर्षांनीं, म्हणजे २०२७ सालीं, गोदावरीचें पुष्कर येतें. लाखों माणसें कालेश्वरास लोटतील, त्यांतलीं कांहीं हजार तरी सिरोंच्याचा पूल ओलांडतील. त्यांस दाखवावयास आपल्याजवळ कायम उपहारगृहांच्या पाट्याच असाव्या काय?

ज्यांच्या शेतांत, विहिरींत, नाल्यांत चमत्कारिक दगड किंवा हाडासारखी वस्तु निघाली असेल त्यांनीं ती घासूं नये, फोडूं नये, शेंदूर लावून झाडाखालीं मांडूंही नये. जागेची खूण राखून वनखात्याच्या वा तहसील कचेरींत लेखी कळवावें, आणि लिहितां येत नसल्यास आमच्या कचेरींत यावें, अर्ज फुकट लिहून मिळेल. आमच्या त्या व्यापारी स्नेह्यांनीं येत्या रविवारीं दुकान बंद ठेवून मुलीस कोट्यास नेण्याचें कबूल केलें आहे. नाव एका वृद्ध ढिवराची आहे. जाकिटें नाहींत म्हणून आम्हीं मोटारीच्या जुन्या ट्यूबा भरून घेण्यास सांगितलें आहे. तींत दोन जागा अजून रिकाम्या आहेत.